लाल टोपणाची की केशरी?

प्रश्न : ताई, आमचा गोट्या हा बोका ११ वर्षांचा, वजन साडेपाच किलो. दोन महिने सारखा पाणी पीत होता आणि मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागला. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासून मधुमेह सांगितला आणि ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ १ युनिट लिहून दिलं. मेडिकलमध्ये लाल टोपणाच्या सिरिंजा मिळाल्या, माझ्या आईला लागायच्या तशाच. डॉक्टरांचा मदतनीस म्हणाला, या नको, यू-१०० आणा. अमेरिकेतली भाची फोनवर म्हणते की मांजरांना यू-४०च वापरतात. दुसऱ्या दुकानातून केशरी टोपणाची आणली तर तिच्यावर पहिली रेघच २ युनिटची आहे. मग १ युनिट भरायचं कसं? आणि एक सिरिंज किती वेळा वापरावी? आईची तर आम्ही आठवडाभर चालवायचो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी उठा आणि फ्रिजमधली बाटली हातात घ्या. तिच्यावर १०० आययू/एमएल (आययू म्हणजे युनिटच) असं छापलेलं असेल. ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तसं असेल तर लाल टोपणाचं पाकीट आजच्या आज घराबाहेर काढा. कपाटात, ड्रॉवरमध्ये, "असू दे, लागलं तर" म्हणून कुठेही ठेवू नका. एवढ्या घाईने का सांगते आहे ते पुढे येईलच.

इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदीचं मिळतं. ४० म्हणजे एक एमएलमध्ये ४० युनिट आणि १०० म्हणजे तेवढ्याच एक एमएलमध्ये १०० युनिट. पळी तीच, पण एका पातेल्यात पातळ आमटी आणि दुसऱ्यात दाट, असं समजा. सिरिंजवरच्या रेघा त्या-त्या ताकदीचा हिशोब धरून मारलेल्या असतात. यू-४०च्या सिरिंजवर १ युनिटच्या रेघेपर्यंत ०.०२५ एमएल मावतं. त्यात १०० ताकदीचं औषध भरलं की तुम्हाला वाटतं एक युनिट दिलं, प्रत्यक्षात जातात अडीच. साडेपाच किलोच्या बोक्याला अडीचपट इन्सुलिन. उलट चूक झाली, म्हणजे ४०चं औषध यू-१००च्या सिरिंजमध्ये भरलं, तर एकाच्या जागी ०.४ युनिट जातं आणि साखर उतरत नाही म्हणून सगळे चक्रावतात. दोन्ही चुका वाईटच, पण पहिल्या चुकीत जीव जाऊ शकतो.

तुमच्या दुकानदाराने मुद्दाम चुकीचं दिलं असं नाही. आपल्याकडे माणसांसाठी येणाऱ्या दहा एमएलच्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० ताकदीच्या असतात. काउंटरवर कुणी "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं की हात आपोआप लाल टोपणाकडे जातो. साताऱ्यात माझं २६ वर्षं मेडिकल होतं, माझाही हात तिकडेच जायचा. बाटलीतलं ग्लार्जिन मात्र सहसा १००चं. तुमची भाचीही चुकीचं बोलत नाही. बाहेर बऱ्याच देशांत माणसांचं इन्सुलिन कधीच १००वर आणलं (ब्रिटनने तर १९८३ मध्येच), पण तिकडे जनावरांसाठी म्हणून बनवलेली काही इन्सुलिनं अजून ४०ची आहेत. अमेरिकेतलं प्रोझिंक त्यातलंच. त्या औषधाला यू-४० सिरिंज बरोबर. तुमच्या डॉक्टरांनी माणसांचं ग्लार्जिन लिहिलंय, त्याला यू-१००. मांजराची सिरिंज, माणसाची सिरिंज असा काही प्रकार नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला पाहिजे, बस्स. टोपणाचा रंग लाल ४०ला आणि केशरी १००ला असतो खरा, पण संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली लाल आणि केशरी ओळखण्यात फसगत होते. नळीवर छापलेलं वाचा.

माझा बोका सोन्या. बिस्किटाच्या रंगाचा, जाडजूड. त्याला नऊव्या वर्षी मधुमेह झाला आणि पुढे चार वर्षं मी त्याला सुया दिल्या. त्याचा डोस तेव्हा २ युनिटचा होता. बहिणीच्या ऑपरेशनला मी नाशिकला गेले आणि भाचा घरी राहिला. अतिशय जबाबदार मुलगा. दुसऱ्या दिवशी सिरिंजा संपल्या, त्याने जवळच्या एका दुकानातून आणल्या, दुकानाने लाल टोपणाच्या दिल्या. त्याने व्यवस्थित, एकही बुडबुडा न ठेवता, दोनच्या रेघेपर्यंत भरून संध्याकाळी सातला इंजेक्शन दिलं. गेले पाच युनिट.

रात्री बाराला फोन आला. "मावशी, सोन्या पिठाच्या डब्याला टेकून उभाय, हाक मारली तरी बघत नाही." मागून पाय घसरत होते, डोळ्यांच्या बाहुल्या ताटलीसारख्या मोठ्या झालेल्या, मान एका बाजूला. मी म्हटलं, मध कुठाय ते बघ, बोटावर घे आणि हिरड्यांना चोळ. तोंडात ओतू नकोस, ठसका लागेल. चोळत राहा आणि तसाच उचलून दवाखान्यात ने. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सलाइन लावून ठेवलं होतं. वाचला. मी नाशिकहून आले तेव्हा त्याच्या हिरड्यांवर मधाचा चिकटा तसाच होता आणि भाचा रात्रभर न झोपल्याने तारवटलेल्या डोळ्यांनी त्याच्याशेजारी जमिनीवर बसला होता.

भाच्याची चूक नव्हती. मी आयुष्यभर लोकांना औषधं समजावून दिली आणि माझ्याच घरात फ्रिजवर एक ओळ लिहून ठेवली नव्हती. तुम्ही ती आज लिहा. फ्रिजच्या दारावर, मोठ्या अक्षरात : "गोट्या – फक्त यू-१०० सिरिंज." शेजारी डॉक्टरांचा नंबर, आणि रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचाही. मधाची बाटली हाताशी ठेवा. मध नसेल तर साखरेचा घट्ट पाक चालतो.

आता तुमच्या दोन-दोनच्या रेघांबद्दल. तुम्हाला केशरी टोपणाची मिळाली ती एक एमएलची. तिच्यात १०० युनिट मावतात आणि बहुतेक कंपन्या तिच्यावर दोन युनिटला एक रेघ देतात. ५० युनिट घेणाऱ्या माणसाला ती ठीक. गोट्याला १ युनिट द्यायचंय, म्हणजे पहिल्या रेघेच्याही अलीकडे, कुठेतरी मध्ये. अंदाजपंचे. रोज दोनदा अंदाज करायचा आणि मग साखर का वरखाली होते म्हणून डॉक्टरांना विचारायचं, याला काही अर्थ नाही. अर्ध्या एमएलची सिरिंज ५० युनिटची, तिच्यावर एक-एक युनिटची रेघ असते. तीसुद्धा चालेल. पण तुम्हाला खरी हवी ती ०.३ एमएलची, ३० युनिटची. तिची नळी बारीक, त्यामुळे एका युनिटला लांबी जास्त मिळते आणि रेघ डोळ्याला नीट दिसते. त्यातही अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर उत्तमच, कारण मांजराचा डोस वाढवताना-कमी करताना डॉक्टर अर्ध्या युनिटने सरकतात.

ही सिरिंज प्रत्येक दुकानात नसते. "मधुमेह असलेल्या लहान मुलांना लागते ती" असं सांगितलं की दुकानदाराला पटकन कळतं. नाहीच मिळाली तर होलसेलरकडून मागवायला सांगा, दोन-तीन दिवस थांबायची तयारी ठेवा, आणि तोवर अर्ध्या एमएलची वापरा. मागताना तोंडी सांगू नका. चिठ्ठीवर डॉक्टरांकडूनच लिहून घ्या : यू-१००, ०.३ एमएल, ३१ गेज, ८ एमएम. आणि त्यांना हात जोडून विनंती करा की डोस लिहिताना "युनिट" हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजीत १ लिहून पुढे नुसता यू काढला की घाईच्या अक्षरात तो यू शून्यासारखा दिसतो आणि एकाचे दहा होतात. हे मी माझ्या काउंटरवर डोळ्यांनी पाहिलंय. सुदैवाने त्या आजोबांचा मुलगा सोबत होता, तो म्हणाला, "दहा? काल तर एक सांगितलं होतं."

गेज म्हणजे सुईची जाडी, आणि आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. २९, ३०, ३१ असे मिळतात. ३१ची इतकी बारीक असते की सोन्या खाता खाता मान वळवायचा सुद्धा नाही. लांबी मात्र फार आखूड घेऊ नका. ६ एमएमची सुई माणसाच्या उघड्या कातडीला छान, पण मांजराच्या दाट केसांत ती नीट आत जात नाही आणि औषध केसांवरच सांडतं. शंका आली तर टोचल्या जागी बोट फिरवून वास घ्या. इन्सुलिनला दवाखान्यासारखा उग्र वास येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. सांडलं असं वाटलं तरी पुन्हा डोस देऊ नका, कारण किती आत गेलं ते कळत नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबा. साडेबारा एमएमची सुई उलट कातडीची घडी भेदून पलीकडे बाहेर येते. म्हणून ८.

सुई नळीला कायमची जोडलेलीच घ्या. साधी दोन एमएलची सिरिंज आणि वर लावायची सुई, असलं काही इन्सुलिनला चालत नाही. जोडाच्या पोकळीत जेवढं औषध अडकतं तेवढ्यात गोट्याचे कितीतरी डोस होतील.

भरतानाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळा खेळ इथेच आहे. १०० ताकदीचं एक युनिट म्हणजे ०.०१ एमएल, एका थेंबाचा साधारण पाचवा हिस्सा. माणसाच्या २० युनिटमध्ये एक बुडबुडा राहिला तर फारसं बिघडत नाही. पण तुमच्या एका युनिटमध्ये मोहरीएवढा बुडबुडा राहिला तर डोसाचा तिसरा-चौथा हिस्सा हवाच झाली. बाटली उलटी धरा, सुईचं टोक औषधात बुडलेलं ठेवा, हवं त्यापेक्षा तीन-चार युनिट जास्त ओढा, नळीवर नखाने टिचक्या मारा, बुडबुडा वर आला की सावकाश ढकलत रेघेवर या. रेघ बघायची ती आतल्या काळ्या रबराच्या सुईकडच्या काठाची, दांड्याकडच्या नव्हे. नळी डोळ्यांच्या पातळीत धरा. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावूनच. पहिले दोन दिवस वेगळी सिरिंज घेऊन पाणी भरून मोसंब्यात टोचायचा सराव करा आणि ती फेकून द्या. हात बसतो.

बाटली हलवू नका. तुमच्या आईचं इन्सुलिन बहुधा दुधट असेल, ते हाताच्या तळव्यांत फिरवून घ्यावं लागतं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि तसंच राहिलं पाहिजे. गढूळ दिसलं तर टाकून द्यायचं. आईची जुनी बाटली घरात उरली असेल तर ती गोट्यासाठी वापरायचा विचारही करू नका, ते औषधच वेगळं. ग्लार्जिनमध्ये दुसरं इन्सुलिन किंवा सलाइन मिसळायचं नाही. फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटवून ठेवलं तर गोठतं, आणि गोठलेलं परत वितळलं तरी उपयोगाचं नाही.

एक सिरिंज किती वेळा? एकदाच. आईची आठवडाभर चालवत होतात, मला माहीत आहे, निम्मा गाव तसंच करतो. पण इतक्या बारीक सुईचं टोक पहिल्याच वेळेत बोथट होतं, वरचा गुळगुळीत लेप जातो, आत उरलेलं इन्सुलिन सुकून भोक बुजवतं, आणि वापरलेली सुई पुन्हा बाटलीत घातली की अख्खी बाटली खराब व्हायची भीती. शिवाय आईला समजावता येत होतं. मांजराला एकदा दुखलं की दुसऱ्या दिवशी सुईची वेळ झाली की ते पलंगाखाली. मग तुम्ही दोघं त्याला ओढून काढणार, तो ओरबाडणार, आणि दिवसातून दोनदा घरात भांडण. दिवसाला दोन म्हणजे महिन्याला साठ, दहाची सहा पाकिटं. पैशाची ओढाताण असेल तर दुसरीकडे काटकसर करा, इथे नको.

पण सुरुवातीलाच शंभर घेऊन ठेवू नका. आधी दोन पाकिटं घ्या, मुदतीची तारीख आणि पाकीट फाटलेलं नाही ना ते बघा. डोस बदलेल, तुम्हाला कुठली सिरिंज सोयीची ते कळेल. आणि एक आशेची गोष्ट : लवकर उपचार सुरू झाले, खाण्यातले पिष्टमय पदार्थ कमी केले, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतं. सोन्याचं सुटलं नाही, पण त्याचे मागचे पाय काही महिन्यांत पुन्हा उचलले गेले. खिडकीच्या कट्ट्यावर त्याने पहिल्यांदा उडी मारली त्या दिवशी मी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

गोट्याने सकाळी खाल्लं नाही तर सुई देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका, साखर कितीही दिसो. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर तशीही वर जाते. कानाच्या काठावरून थेंब घेऊन घरी कशी तपासायची ते डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या.

प्रश्न : आमच्या मनीसाठी दुकानदाराने इन्सुलिनचा पेन सुचवला. सिरिंजपेक्षा सोपा आहे म्हणे. घ्यावा का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : वापरायला सोपा आहेच. पण वापरून टाकायचे बहुतेक पेन एका टिचकीला एक युनिट सोडतात, अर्धं सोडत नाहीत. मनीचा डोस दीड युनिट झाला तर काय करणार? अर्ध्या युनिटचे पेन मुलांसाठी असतात, पण त्यांत त्या-त्या कंपनीचीच कार्ट्रिज (औषधाची भरलेली नळी) बसते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि हे ठळक अक्षरात छापा असं मी संपादकांना सांगितलंय : ग्लार्जिन ३०० ताकदीच्या पेनमध्येही मिळतं, टूजिओ नावाने. नाव वाचून "ग्लार्जिनच आहे" म्हणून कुणी त्यातलं औषध सिरिंजने ओढलं तर मांजराला तिप्पट डोस जाईल. त्या पेनमधून सिरिंजने कधीही काढायचं नाही. नुसतं औषधाचं नाव वाचू नका, शेजारचा आकडा वाचा.

प्रश्न : वापरलेल्या सुया टोपण लावून सुक्या कचऱ्यात टाकल्या तर चालतात ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही चालत. २०१६ च्या घनकचरा नियमांतच घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंजा घातक कचऱ्यात धरल्या होत्या, त्या वेगळ्याच द्यायच्या. जाड प्लॅस्टिकची फिनेलची रिकामी बाटली घ्या, सुई खाली करून सिरिंज आत सोडा, पाऊण भरली की झाकण घट्ट फिरवून चिकटपट्टी लावा आणि वर लाल पेनने "सुया" लिहा. मग ती जनावरांच्या दवाखान्यात द्या. त्यांच्याकडचा असा कचरा वेगळा जातो, पण ते तुमची बाटली घेतील का हे आधी विचारा. टोपण परत लावू नका, टोपण लावताना पुष्कळदा सुई बोटात घुसते.

सुरुवातीला मीही टोपण लावून पिशवीतच टाकत होते. एके दिवशी आमच्या गल्लीत कचरा वेचणाऱ्या ताईंनी दारात उभं राहून मला तर्जनी दाखवली, चिंधी गुंडाळलेली. "तुमच्याकडची सुई होती का हो?" एवढंच विचारलं. माझीच असणार, त्या गल्लीत दुसरं कुणी इन्सुलिन घेत नव्हतं. सोन्याच्या सुईने माणसाला एचआयव्हीसारखा रोग होत नाही, पण त्यांना ते कसं कळणार? त्या महिनाभर घाबरून होत्या. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि त्याच दुपारी फिनेलची पहिली बाटली रिकामी केली.